वाळवीनं सोडलेली पानं

आमच्या घरात इंग्रजी भाषा ‘डी’पासून सुरू व्हायची. ए, बी आणि सी ही अक्षरं वाळवीनं खाल्ली होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, किन्हवलीच्या शाळेत मास्तर होते तेव्हा फॉरेस्टचे एक साहेब रिटायर होऊन गावी निघाले, आणि त्यांच्याकडून अण्णांनी तो जाडजूड इंग्रजी शब्दकोश मागून आणला. साहेबांच्या कपाटाचा एक पाय मोडला होता, त्या जागी हे पुस्तक पालथं घातलेलं होतं. जमिनीतून वाळवी चढली ती पहिल्या पानापासून खात खात ‘सी’च्या शेवटाशी थांबली. पोट भरलं असेल. अण्णांनी तो कोश उन्हात वाळवला, पानांमध्ये कडुलिंबाचा पाला घातला आणि पोथी बांधतात तसा लाल फडक्यात बांधला. पुढं त्यांची बदली मुरबाड तालुक्यात, धसईच्या पलीकडं सिद्धगडाच्या अंगाला असलेल्या एका गावी झाली, तेव्हा बैलगाडीत भांड्यांच्या आधी तो कोश चढला असं आई सांगायची. सांगताना तिचा सूर कौतुकाचा नसायचा.

त्यामुळं ॲपल, बुक, कॅट हे जे शब्द जगातली सगळी मुलं पहिल्या दिवशी शिकतात, त्यांचं मूळ अण्णांना कधी कळलं नाही. कुणी विचारलंच तर “ते गेलं वाळवीच्या पोटात,” एवढंच म्हणायचे. बाकीच्या अक्षरांवर मात्र त्यांचा जीव होता. अण्णा मराठी सातवीची फायनल पास झालेले, इंग्रजी आपलं आपण शिकलेले. इंग्रजीत कुणाशी बोलायची वेळ त्यांच्यावर आली नाही, आली असती तर पंचाईत झाली असती. पण प्रत्येक शब्दाच्या शेपटीला बारीक टाइपात तो कुठून आला ते छापलेलं असे, आणि ते वाचायचं त्यांना व्यसन होतं. पाहुणा आला की आपण आधी त्याचं गाव विचारतो, तसं शब्दालाही विचारावं, असं ते म्हणायचे. दुसरं कुठलं व्यसन नव्हतं त्यांना. आई म्हणायची, तंबाखू परवडली असती, तिच्यावर जेवताना बोलत बसावं लागत नाही.

कारण शब्द जेवतानाच यायचा. शाळेचीच एक खोली आम्हाला राहायला दिलेली होती. दिवेलागण झाली की चुलीपुढं पाट मांडले जायचे. तांदळाची भाकरी, वालाचं नाहीतर कुळथाचं काहीतरी, बाजाराच्या दिवशी धसईहून आणलेला सुका जवळा. पावसाच्या तोंडावर रानात उगवणारी शेवळं. ती आई चिंच घालून शिजवायची, तरी घशाला थोडी खाज यायचीच, आणि ती आली की शेवळं खाल्ल्यासारखं वाटायचं. पहिला घास घेतला की अण्णा घसा साफ करायचे आणि दिवसाचा शब्द सांगायचे. एकदा म्हणाले, स्कूल या शब्दाचा मूळ अर्थ फुरसत. आई तव्यावरून नजर न काढता म्हणाली, “कुणाची फुरसत? पोरं तुमच्याकडं लोटून बायका आवणीला जातात, ती?” अण्णा म्हणाले, ग्रीक लोकांची. आई म्हणाली, “असेल, त्यांना भात लावायचा नसेल.”

‘लेडी’चा दिवस मला स्वच्छ आठवतो. आई परातीत तांदळाच्या पिठाची उकड मळत होती. अण्णा म्हणाले, लेडी म्हणजे मुळात पीठ मळणारी, आणि लॉर्ड म्हणजे भाकरी राखणारा. आईनं मनगटानं कपाळावरचे केस मागं सारले आणि म्हणाली, “म्हणजे मळायची एकीनं आणि राखायची दुसऱ्यानं. साहेबाच्या देशातही हेच का?” त्यावर अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला वाटायचं, आईला या सगळ्याचा तिटकारा आहे, कानावर पडलं तरी तिच्या आत काही जात नाही. मुलांना आईबद्दल अशा कितीतरी गोष्टी वाटत असतात.

या शब्दांना घराबाहेरचं एकच गिऱ्हाईक होतं, आमच्या शेजारच्या पांडूकाकांची ठकी. माझ्याच वयाची, माझ्याच वर्गातली. तिला शाळेतला एकही धडा धड म्हणता यायचा नाही, पण अण्णांनी सांगितलेला शब्द ती विसरायची नाही. संध्याकाळी गुरं आली की आमच्या दारात येऊन उभी. “गुरुजी, आज कंचा शब्द?” अण्णांनी तिला एकदा सांगितलं की इंग्रजीत दंडाच्या स्नायूला मसल म्हणतात, आणि त्याचा मूळ अर्थ छोटासा उंदीर, कातडीखाली पळतो म्हणून. ठकीनं लगेच आपला काटकुळा दंड वाकवून दाखवला. “त्यांचा उंदीर, आमची बेडकुली,” ती म्हणाली. अण्णांना कोण आनंद झाला. दंडाच्या फुगवट्याला बेडकुळी म्हणतो तीही बेडकीच, हे त्यांच्या इतक्या वर्षांत ध्यानात आलं नव्हतं. पुढं कितीतरी दिवस जो भेटेल त्याला ते हे सांगत सुटले आणि दर वेळी ठकीचं नाव घेत.

ठकीचं घर कारवीच्या कुडाचं होतं, शेणामातीनं लिंपलेलं. दार एकच, खिडकी नाही. आमच्या शाळेच्या खोलीला गज असलेली खिडकी होती, आणि ठकी त्या खिडकीच्या दगडी कट्ट्यावर बसून पाय हलवत राहायची. तिथं बसलेली असतानाच अण्णांनी तिला ‘विंडो’ सांगितला. आधी वारा, मग डोळा. वाऱ्याचा डोळा. ठकी थोडा वेळ गजांतून बाहेर बघत बसली आणि म्हणाली, “वाऱ्याला डोला आसतो?” अण्णा म्हणाले, त्या लोकांना तसं वाटलं असावं. “आमच्या घरात नाय,” ठकी म्हणाली. “आमच्या घरचा वारा आंधला.” आम्ही सगळे हसलो. आईसुद्धा हसली. आता ते हसणं आठवलं की बरं वाटत नाही, पण तेव्हा ते साधं हसणं होतं, त्यात कुणाचंच काही चुकलं नाही.

त्या पावसाळ्यात पांडूकाकांची गाय विताना मेली. वासरू जगलं. पांडूकाका आणि ठकी मिळून त्याला बांबूच्या नळकांड्यातून पेज पाजायचे, शेजारच्या गाईचं दूध मिळालं तर ते. आमच्याकडं सकाळ उजाडायची ती त्या वासराच्या ओरडण्यानं. पांडूकाका उंचेपुरे, कमी बोलणारे, गावात वजन असलेले गृहस्थ होते. पण त्या वासराशी ते असं बोलायचे की बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. ठकी त्याला आपल्या जुन्या परकराच्या चिंधीनं पुसायची. ते सारखं तिच्या मागं असायचं, शाळेच्या पायरीपर्यंत यायचं.

तेव्हा देवीचा रोग होता. आजच्या मुलांना हे समजावून सांगावं लागतं. आमच्याकडं त्याला कुणी रोग म्हणत नसे, देवी आल्या म्हणायचं, घरी कुणी मोठं माणूस आल्यासारखं. आणि लस टोचून घ्यायची त्याला देवी काढणं म्हणायचं. मुरबाडहून सायकलवर लाकडी पेटी बांधून देवीवाले यायचे. खाकी शर्टातला दमलेला, पण सरळ माणूस. पलीकडच्या खोऱ्यात देवी आल्या आहेत अशी कुणकुण लागली होती, म्हणून ते आले. आमच्या गावात आधी कुणी देवी काढून घेतल्या नव्हत्या. अण्णांनी घरोघरी जाऊन लोकांची समजूत काढली. गुरुजी म्हणतात तर काढू, असं ठरलं. गुरुजी कधी खोटं बोलत नाहीत, हा गावाचा विश्वास होता, आणि पुढं तोच नडला.

शाळेच्या ओट्यावर रांग लागली. मास्तरांची मुलगी म्हणून मी सगळ्यांत पुढं, लोकांना धीर यावा म्हणून. माझ्या मागं ठकी. देवीवाल्यांनी माझ्या दंडावर लशीचा थेंब ठेवला आणि दातेरी चकती टेकवून फिरवली. दुखलं, पण सगळं गाव बघत होतं म्हणून मी तोंड मिटून राहिले. ठकी माझ्या कानाशी म्हणाली, “उंदराला टोचलं गो.” तिनं बाही वर केली होती. तेवढ्यात रांगेतून कुणीतरी विचारलं, “पन याच्यात आसतं काय?” देवीवाले म्हणाले, “लस.” “लस म्हंजे काय?”

इथं कुणी काही बोललं नसतं तरी चाललं असतं. देवीवाल्यांनी अशा प्रश्नांना मान हलवून पुढचा दंड धरायची सवय केलेली होती. पण समोर सगळं गाव, आणि हातात एक शब्द, असा योग अण्णांच्या आयुष्यात पहिल्यांदाच आला होता. ते शाळेच्या घंटेखालून पुढं झाले आणि म्हणाले, इंग्रजीत याला व्हॅक्सिन म्हणतात. जुन्या लॅटिन भाषेत व्हाक्का म्हणजे गाय. त्यावरून व्हॅक्सिन, म्हणजे गाईचं. “तेव्हा मंडळी, घाबरण्यासारखं काही नाही. हे आपल्या गोमातेचंच आहे.” त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. लेडीच्या दिवशी होता तसाच खुललेला. गाईचं म्हटलं की लोक निर्धास्त होतील, हात जोडतील, असं त्यांना मनापासून वाटलं होतं.

पांडूकाकांनी शांतपणे विचारलं, “गाईचं काय?”

कोशात तेवढंच होतं. अण्णांनी देवीवाल्यांकडं पाहिलं. तो माणूस सरळ होता हे मी म्हटलंच आहे. तो म्हणाला, “वासराचं पोट भादरतात, त्यावर ओरखडे काढून लस लावतात, आणि फोड आले की खरवडून घेतात.” मग पांडूकाका पुढं आले, ठकीची वर केलेली बाही त्यांनी हातानं खाली ओढली, आणि म्हणाले, “गुरुजी, आमच्यानं नाय व्हायचं.” आवाज चढवला नाही. वासराचं अंग खरवडून पोरीला टोचायचं, मग घरी जाऊन त्या वासराला कंच्या तोंडानं पेज पाजू, एवढंच त्यांनी विचारलं. रांग मोडली. कुणी भांडलं नाही, उलट जाताना माणसं अण्णांना नमस्कार करून गेली. देवीवाल्यांनी पेटी बांधली. त्या दिवशी गावात आमच्या घरापुरत्या देवी निघाल्या.

त्यानंतर अण्णा रोज संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या अंगणात जाऊन बसायचे. सांगायचे, मी शब्दाचा अर्थ सांगितला, औषधाचा नव्हे. शब्द जुना असतो, त्याला फार धरून बसायचं नसतं. लोक चहा करायचे, ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, “नाय गुरुजी, तुमी खोटं कदी बोलत नाय. तुमी बुकातलं बोलता.” आता तुम्ही आमच्या काळजीपोटी शब्द फिरवताय, असं एका म्हातारीनं त्यांना मायेनं सांगितलं. पांडूकाकांकडं ते सगळ्यांत जास्त वेळा गेले. पांडूकाका वासराच्या पाठीवरून हात फिरवत ऐकायचे. मान हो म्हणून हलायची आणि उत्तर नाही असायचं.

उन्हाळ्यात देवी आल्या. ओढ्यापलीकडच्या वाडीत आधी, मग आमच्याकडं, आणि आमच्याकडं पहिल्या आल्या त्या ठकीला. पांडूकाकांच्या दाराला कडुलिंबाचे डहाळे लागले. घरात फोडणी बंद, केस विंचरणं बंद, मोठ्यानं बोलणं बंद. पाहुणीला आवडत नाही म्हणून. मला तिकडं जायला बंदी होती. माझ्या दंडावर खपली धरून पडलेली होती, मला काही होणार नाही हे अण्णा जाणून होते, तरी आईनं सोडलं नाही. ठकीच्या घराचा काहीच आवाज यायचा नाही. वासरू तेवढं भुकेनं हंबरायचं, आणि मग आई आमच्या भाताची पेज घेऊन जायची, त्यांच्या अंगणात त्याला पाजायची आणि परत यायची. अण्णा शाळा सुटल्यावर त्यांच्या बांधापाशी उभे राहायचे. आत जायचे नाहीत. पांडूकाका बाहेर आले तर दोघं एकमेकांकडं बघायचे.

देवीवाले पुन्हा आले तेव्हा रांग ओढ्यापर्यंत गेली होती. पांडूकाकांनी स्वतःचा दंड पुढं केला. पेटीत काय आहे हे कुणी विचारलं नाही. अण्णा घंटेखाली उभे होते.

ठकी वाचली. डोळे गेले. लोक म्हणाले, देवींनी डोळे नेले पण पोर ठेवली, मोठ्या मनाच्या. मी ते ऐकलं तेव्हा मला रडू आलं नाही, राग आला, आणि तो अण्णांवर नव्हता. त्या पुस्तकावर होता. साहेबांच्या गड्यानं कपाटाखाली ते पालथं न घालता सुलटं घातलं असतं, तर वाळवी ‘झेड’कडून निघाली असती, आणि ‘व्ही’ कधीच तिच्या पोटात गेला असता. अण्णांना ॲपल कळलं असतं, कॅट कळलं असतं, आणि त्या दिवशी ओट्यावर ते गप्प राहिले असते. लहान मुलीचा हिशेब होता, पण अजूनही मला त्यात चूक सापडत नाही.

पुढं मी कल्याणला शिकायला गेले तेव्हा वाचनालयात अख्खा कोश होता. सगळ्यांत आधी मी ‘सी’ काढला. काऊ आणि आपला गो हे दोन्ही एकाच फार जुन्या शब्दाची लेकरं आहेत, असं त्यात लिहिलेलं होतं. अण्णा तेव्हा हयात होते, पण मी त्यांना ते कळवलं नाही.

त्या उन्हाळ्यानंतर आमच्या घरात शब्द येईनासा झाला. कोश लाल फडक्यात बांधून माळ्यावर गेला, भाताच्या कणगीमागं. अण्णा शाळेत धड्यातलं तेवढं शिकवायचे. जेवताना घसा साफ केल्याचा आवाज व्हायचा, मग नुसता घास. आई अधूनमधून मुद्दाम काहीतरी खोचक बोलून बघायची, म्हणजे ते उत्तर देतील. ते भाजी वाढ म्हणायचे. मला त्यांचा फार कळवळा यायचा, आणि काय करावं ते कळायचं नाही.

दिवाळी उलटून गेल्यावर एका दुपारी पांडूकाका आमच्या दारात आले. कमरेला आकडीत कोयता, अंगाला माती. अण्णा वह्या तपासत होते, ते पाट सारून उठून उभे राहिले. इतक्या महिन्यांत पांडूकाका आमच्या घरी आले नव्हते. मला वाटलं, आता हा माणूस जे बोलायचं राहिलंय ते बोलणार. अण्णांनाही तसंच वाटलं असावं, त्यांनी मान खाली घातली.

पांडूकाका म्हणाले, “गुरुजी, पोर घरात घुसमटते. वारा पायजे म्हनते. म्हनून कुडाला भोक पाडायला घेतलंय, ती बसते तिथंच.” मग म्हणाले, “तुमी तिला एक शब्द सांगितलेला. वाऱ्याचा डोला. तो इंग्रजी शब्द काय तो तिला आठवंना. सकालपासून माज्या पाठी लागलीय, गुरुजींना इचारून ये म्हनून. काय व्हता तो?”

अण्णांनी वर माळ्याकडं पाहिलं. मला शब्द येत होता. पण तो त्यांनी सांगायचा होता, म्हणून मी त्यांच्याकडं बघत राहिले. तेवढ्यात चुलीकडून आईचा आवाज आला. तिचे दोन्ही हात उकडीत होते, तिनं मागं वळूनही पाहिलं नाही.

“विंडो,” आई म्हणाली.

“हां, विंडो,” पांडूकाका म्हणाले. वाटेत सांडू नये म्हणून त्यांनी तो एकदा पुटपुटून घेतला. मग अण्णांना म्हणाले, “कारवीच्या काठ्या धरायला मानूस नाय. येता का?” अण्णा चपला न घालताच त्यांच्या मागं गेले. मीही गेले. दोघांनी मिळून कूड कापला, चारी बाजूंनी बांबूच्या कामट्या बांधल्या, आणि कडेचं लिंपण ठकीनं स्वतः केलं, बोटांनी चाचपत. वासरू आता चांगलं दांडगं झालं होतं. त्यानं त्या भोकातून आत तोंड घातलं आणि तिनं त्याला शिव्या दिल्या.

ठकी अजून आहे. तिच्या भाच्यानं तिथं सिमेंटचं घर बांधलं, सरकत्या काचा बसवल्या, आणि तिची खुर्ची त्यातल्या एकीपाशी असते. मी गेले की ती माझी बाही वर करते, दंडावरचा तो गोल वण बोटानं शोधते आणि म्हणते, “हां, उंदराचं बील हाय जागेवर.” मग म्हणते, “विंडो उघड गो जरा.” त्या घरात खिडकी हा शब्द कुणी वापरत नाही. तिच्या भाच्याच्या नातीला वाटतं, तो आपल्याच गावचा शब्द आहे.

त्या दिवशी लिंपण झाल्यावर ठकीनं हात बाहेर काढून वारा बघितला. मग तिनं अण्णा कुठं उभे आहेत त्याचा अंदाज घेतला आणि तोंड तिकडं करून विचारलं, “गुरुजी, आज कंचा शब्द?” पांडूकाका कोयता पुसत होते, त्यांचा हात थांबला. अण्णा म्हणाले, “आज नाही आणला.” “मंग उद्या आना,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर अण्णा माळ्यावर चढले. आई खाली शिडी धरून उभी होती.